नदीला पाणी असताना विधानसभा मोडू नका : बेळगाव जिल्ह्यातल्या १८ आमदारांना खुलं पत्र

सन्माननीय आमदार महोदय,

सप्रेम नमस्कार.

बंगळूर शहर सोडलं तर कर्नाटकात सगळ्यांत जास्त आमदार आपल्या बेळगाव जिल्ह्यातून जातात. अठरा. २२४ च्या सभागृहात बहुमताला ११३ लागतात. सरकार चार-दोन जणांवर टेकलेलं असतं तेव्हा या अठरांना काय मोल येतं, ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. म्हणून हे पत्र मुख्यमंत्र्यांना किंवा दिल्लीच्या पक्षश्रेष्ठींना न लिहिता तुम्हाला लिहितो आहे. पक्ष कोणता, हे मी बघत नाही. सगळ्यांना एकच पत्र.

मी कागवाड तालुक्यातला, कृष्णाकाठचा. मराठी प्राथमिक शाळेत ३८ वर्षं मास्तरकी केली. आमच्या नोकरीत निवडणूक चुकत नाही. मतपेटीपासून मतदान यंत्रापर्यंत, लोकसभेपासून ग्रामपंचायतीपर्यंत, कधी मतदान अधिकारी तर कधी केंद्राध्यक्ष म्हणून मी ड्युटी केली. बोटाला शाई लावताना माणसाचा चेहरा अगदी जवळून दिसतो. त्या चेहऱ्यांच्या वतीनं लिहितोय म्हटलं तरी चालेल.

कारण घडलं ते असं. परवा मिरजेहून डोळे तपासून परत येत होतो. कागवाडच्या स्टँडवर एक जुना विद्यार्थी भेटला. ऊस लावतो, दोन म्हशी आहेत. म्हणाला, "मास्तर, विधानसभा मोडणार म्हणत्यात. खरं काय?" म्हटलं, मला काय ठाऊक, पेपरात रोज काहीतरी येतंय. त्यावर तो म्हणाला, "मोडायची तर मोडा म्हणावं. पण नदीला पाणी यायच्या आत मोडा." तो हसला नाही आणि मीही नाही. त्याला २०१९ आठवत होतं, मलाही तेच आठवलं.

२०१९ सालचा तो जुलै-ऑगस्ट तारखांसकट सांगतो, कारण बंगळूरच्या आठवणीत तो 'सत्तांतर' म्हणून राहिलाय आणि आमच्या आठवणीत 'पूर' म्हणून. दोन्ही महिन्याभराच्या आत झालं, हे फार कमी जण सांगतात.

जुलैच्या सुरुवातीला सत्तेतल्या काँग्रेस-जनता दल आघाडीच्या काही आमदारांनी राजीनामे दिले आणि त्यांतले बरेच जण मुंबईच्या हॉटेलात जाऊन राहिले. १८ जुलैला विश्वासदर्शक ठरावावर चर्चा सुरू झाली, ती संपता संपेना. २३ तारखेला मतदान झालं. बाजूनं ९९, विरोधात १०५. चौदा महिन्यांचं सरकार गेलं. २५ आणि २८ जुलैला विधानसभा अध्यक्षांनी मिळून १७ आमदारांना अपात्र ठरवलं. त्यांतले तीन आपल्या जिल्ह्यातले होते : गोकाक, अथणी आणि कागवाड. २६ जुलैला नव्या मुख्यमंत्र्यांचा शपथविधी झाला, पण मंत्रिमंडळ बनलं नाही. थेट २० ऑगस्टपर्यंत अख्खं राज्य एकट्या मुख्यमंत्र्यांवर चालू होतं.

आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कृष्णा आली.

महाबळेश्वर-कोयनेकडं कोसळणारा पाऊस दोन दिवसांनी आमच्या दारात येतो, हे आमच्या पोरांनाही कळतं. राजापूरच्या बंधाऱ्यातून किती पाणी सोडलंय, हे आम्ही क्रिकेटच्या स्कोअरसारखं विचारतो. त्या वर्षी विचारायचंही कुणी थांबलं नाही. कुडची-उगारचा पूल आधीच बुडाला होता. जुगूळ, मंगावती, कृष्णा कित्तूर या गावांचे रस्ते तुटले. तिकडं घटप्रभेनं गोकाकची पेठ बुडवली. आमच्या गावातली माणसं शाळेत आणली, आणि शाळेतही पाणी शिरायला लागल्यावर वरच्या अंगाच्या गावातल्या गंजी केंद्रात, म्हणजे पूरग्रस्तांच्या छावणीत, नेली.

गल्लीतली एक आक्का माझ्याच ट्रॉलीत होती. सत्तरीची, एकटी. प्लॅस्टिकच्या पिशवीत तिनं रेशन कार्ड, आधार, पासबुक आणि मतदार ओळखपत्र गुंडाळून पोटाशी धरलं होतं. शेळी मात्र सोडून यावी लागली, कारण ट्रॉलीत जागा नव्हती. गंजी केंद्रात तिसऱ्या दिवशी ती माझ्याकडं आली. म्हणाली, "मास्तर, आमदाराला फोन लावा की. चारा तरी धाडा म्हणावं, ज्यांची जनावरं वर आल्यात त्यांना." मी म्हटलं, "आक्का, आपल्याला सध्या आमदार न्हाई."

"न्हाई म्हंजे?"

३८ वर्षं मुलांना नागरिकशास्त्र शिकवलं मी. राज्यपाल कोण, अध्यक्ष कोण, पक्षांतरबंदी म्हणजे काय, सगळं फळ्यावर लिहून दिलं. पण त्या 'न्हाई म्हंजे'ला माझ्याकडं उत्तर नव्हतं. पुढं तिनं विचारलं, "मग मंत्र्याला लावा." मंत्रीही नव्हता. ना पालकमंत्री, ना महसूलमंत्री. जे काही केलं ते तहसीलच्या माणसांनी, बोटी घेऊन आलेल्या जवानांनी आणि गावातल्या पोरांनी केलं. मुख्यमंत्री पाहणीला आले होते, तेही खरं आहे. पण एक माणूस किती ठिकाणी पुरणार? त्या वेळी राज्यातले कितीतरी जिल्हे पाण्यात होते.

तुम्ही म्हणाल, पूर काय सरकार विचारून येतो? नाही येत. २००५ मध्येही आला होता. पण ज्या महिन्यात नदी उंबऱ्याला लागायची शक्यता दरवर्षी असते, नेमक्या त्याच महिन्यात बंगळूरला खुर्च्यांची मोडतोड करायची हे मात्र माणसं ठरवतात. आणि हे एकदाच झालं असं नाही. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला. मुख्यमंत्री २५ जुलैला बेळगावात पूरपाहणी करून गेले आणि २६ ला त्यांचा राजीनामा झाला. नवे मुख्यमंत्री २८ ला आले आणि मंत्रिमंडळ ऑगस्टमध्ये. आमच्या गावात माणसं तेव्हा पुन्हा ट्रॉलीत होती.

२०१९ पुरतं अजून थोडं राहिलंय, कारण पूर ओसरल्यावरच आमचं खरं हाल सुरू झालं. तातडीची मदत दहा हजार होती, ती बहुतेकांना मिळाली. पूर्ण पडलेल्या घराला पाच लाख जाहीर झाले होते. पण घराचा वर्ग ठरायचा ए, बी, सी असा. आक्काची मागची भिंत आणि चुलीची खोली गेली होती, पुढची भिंत उभी होती. तिला खालचा वर्ग पडला. तिला कन्नड वाचता येत नाही. अर्ज, पावती, आक्षेपाचा कागद, सगळं कन्नडमध्ये. तिच्यासाठी मी अर्ज लिहिला आणि ज्या कार्यालयात न्यायचा तिथं घेऊन गेलो. साहेब निवडणुकीच्या बैठकीला गेले होते. दुसऱ्यांदा गेलो तर साहेब निवडणूक प्रशिक्षणात. कारण आता पोटनिवडणूक लागली होती. आधी २१ ऑक्टोबरची तारीख जाहीर झाली, मग ती पुढं ढकलली, मग ५ डिसेंबर ठरली. मध्ये १३ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयानं अपात्रता कायम ठेवली, पण अपात्र झालेल्यांना लढायला मोकळीक दिली. मी कारकुनांना दोष देत नाही. त्यांना दोन-दोन कामं होती आणि पोटनिवडणुकीला तारीख होती. आक्काच्या भिंतीला तारीख नव्हती.

५ डिसेंबरला आमच्याच शाळेत मतदान झालं. १५ जागांपैकी १२ सत्ताधारी पक्षानं जिंकल्या आणि त्यांत आपल्या जिल्ह्यातल्या तिन्ही होत्या. लोकांनी मत दिलं, ते मी मानतो. मतदाराचा कौल मला आवडला का, हा प्रश्न इथं नाही. मी एवढंच सांगतो की मे २०१८ मध्ये ज्या माणसासाठी आम्ही रांगेत उभे राहिलो, त्याच माणसासाठी १९ महिन्यांत पुन्हा उभे राहिलो, फक्त चिन्ह वेगळं होतं. मधल्या काळात पूर आला आणि तेव्हा तो आमचा कुणीच नव्हता.

आता मुद्द्यावर येतो.

सरकार अडचणीत आलं की 'विधानसभा विसर्जित करू' ही भाषा सुरू होते. कधी मुख्यमंत्र्यांच्या गोटातून, कधी विरोधी पक्षाकडून, तर कधी पक्षातल्याच नाराज गटाकडून. बाहेरून ऐकणाऱ्याला वाटतं की हे लोक जनतेकडं जायला निघालेत. आत काय चाललेलं असतं, ते तुम्हाला माहीत आहे. आमदाराला निवडणूक नको असते. निवडून येऊन दोन वर्षंही झालेली नसतात, मागचा खर्च अजून फिटलेला नसतो, पुढच्या वेळी तिकीट मिळेल की नाही याची खात्री नसते. म्हणून विसर्जनाचं नाव काढलं की नाराज आमदार जागेवर येतो. समोरच्या पक्षाची तयारी नसेल तर तोही घाबरतो. निवडणूक घ्यायची नसताना तिचं नाव घ्यायचं ते याचसाठी. आणि खरंच घ्यायची असते तेव्हा समोरच्याचा उमेदवार ठरायच्या आत, त्याच्यातलं भांडण मिटायच्या आत घ्यायची असते.

घटनेचा भाग थोडक्यात सांगतो, कारण गावात याबद्दल फार गैरसमज आहेत. विधानसभेची मुदत पाच वर्षांची. त्याआधी ती विसर्जित करायचा अधिकार कलम १७४ प्रमाणे राज्यपालांचा, पण तो मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं वापरायचा. बहुमत शाबूत असलेल्या मुख्यमंत्र्यानं सल्ला दिला तर राज्यपालांना तो सहसा मानावा लागतो. बहुमतच शंकेत असेल तर दुसरं कुणी सरकार बनवू शकतं का, हे राज्यपाल आधी बघतात. म्हणून ज्याला सभागृह मोडायचं असतं, त्याची धडपड बहुमत जायच्या आत मोडायची असते आणि ज्याला सत्ता घ्यायची असते, त्याची धडपड त्याच्या आत आमदार फोडायची. दोघांची शर्यत लागते आणि मग आमदार हॉटेलात आणि रिसॉर्टमध्ये सापडतात.

बहुमत कुणाकडं आहे याचा फैसला सभागृहातच व्हायला हवा, हा धडा देशाला कर्नाटकानं दिला आहे, हे तुम्ही विसरू नये. एप्रिल १९८९ मध्ये एस. आर. बोम्मई यांचं सरकार बरखास्त झालं. सभागृहात बहुमत सिद्ध करायची संधी त्यांनी मागितली होती, ती मिळाली नाही. ११ मार्च १९९४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी जो निकाल दिला, तो आज देशभर 'बोम्मई निकाल' म्हणूनच ओळखला जातो. आपल्या उत्तर कर्नाटकातल्या माणसाच्या नावावर तो निकाल आहे. त्याच राज्यात विश्वासदर्शक ठरावाला पाच-सहा दिवस लागावेत आणि आमदार राज्याबाहेरच्या हॉटेलात असावेत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

लवकर निवडणूक घेणं नेहमी वाईटच, असं मी म्हणत नाही. उलट माझ्या नोकरीतली सगळ्यांत समाधानाची ड्युटी मुदतपूर्व निवडणुकीतलीच होती. मार्च १९८५. जानेवारी १९८३ मध्ये रामकृष्ण हेगडे यांचं सरकार आलं होतं, राज्यातलं पहिलं बिगर-काँग्रेसी सरकार. जनता पक्षाच्या जागा ९५, म्हणजे बहुमत नव्हतंच, बाहेरून पाठिंबा होता. डिसेंबर १९८४ च्या लोकसभेत राज्यातल्या २८ पैकी त्यांना फक्त ४ जागा मिळाल्या. हेगडे यांनी राजीनामा दिला आणि विधानसभेचा कौल पुन्हा मागितला. मी तेव्हा रायबाग तालुक्यातल्या एका केंद्रावर होतो. मतपत्रिकेची घडी कशी घालायची ते सांगत होतो, कारण उलटी घडी घातली की शिक्का दुसऱ्या चिन्हावर उमटतो. एक म्हातारा आला, खांद्यावर घोंगडं. मी म्हटलं, "बाबा, दोन महिन्यांमागंच घातलं की मत." तो म्हणाला, "ते दिल्लीचं. ह्यानं इथलं इचारलंय. इचारलंय तर सांगाय पायजे."

हेगडे यांना त्या निवडणुकीत १३९ जागा मिळाल्या. वारा कुठून वाहतोय ते ओळखूनच त्यांनी हा निर्णय घेतला असेल, असंही लोक म्हणतात. असेलही. राजकारणी माणूस तो. पण पराभव समोर ठेवून, राजीनामा हातात घेऊन ते लोकांपुढं आले. त्या म्हाताऱ्याला कळलं होतं की हा आपल्याला विचारतोय. कुणाला घाबरवण्यासाठी ती निवडणूक लावलेली नव्हती. मला तेवढाच फरक महत्त्वाचा वाटतो.

बाकीच्यांचं काय झालं, तेही बघा. १९९९ मध्ये जनता दल फुटत असताना जे. एच. पटेल यांनी मुदतीआधी विधानसभा विसर्जित केली. लोकसभेबरोबर निवडणूक झाली आणि काँग्रेसला १३२ जागा मिळाल्या. त्याच वेळी पलीकडं महाराष्ट्रात युती सरकारनंही सहा महिने आधी निवडणूक ओढली आणि सत्ता घालवली. आमच्या भागात दोन्ही राज्यांच्या बातम्या रोज ऐकल्या जातात, त्यामुळं दोन्ही पराभव एकाच महिन्यात पाहिलेले लोक अजून गावात आहेत. २००४ मध्ये एस. एम. कृष्णा यांनी सहा महिने आधी निवडणूक घेतली. काँग्रेस ६५ वर आली, भाजप ७९, जनता दल ५८. कुणालाच बहुमत नाही. त्यातून पुढची चार वर्षं काय झालं, ते आठवा. एक सरकार दोन वर्षांच्या आत गेलं, दुसरं वीस महिन्यांच्या करारावर आलं, करार मोडला, राष्ट्रपती राजवट आली, मग सात दिवसांचं सरकार, मग पुन्हा राष्ट्रपती राजवट. नोव्हेंबर २००७ मध्ये मोडलेल्या विधानसभेची निवडणूक मे २००८ मध्ये झाली. राज्यात सहा महिने निवडून आलेलं सरकार नव्हतं. आणि त्यानंतर 'ऑपरेशन कमळ' सुरू झालं : पक्ष बदलून मत दिलं तर पक्षांतरबंदी लागते, म्हणून आधी राजीनामा द्यायचा आणि दुसऱ्या चिन्हावर पोटनिवडणूक लढवायची. २०१९ मध्ये आमच्या वाट्याला जे आलं, त्याची वाट तेव्हाच पडली होती.

आता केंद्रानं डिसेंबर २०२४ मध्ये एकत्र निवडणुकांचं विधेयक आणलं आहे. त्यात मध्येच सभागृह मोडलं तर नवं सभागृह फक्त उरलेल्या मुदतीपुरतं, अशी तरतूद आहे. काही जण म्हणतात, यानं हा खेळ थांबेल. मला तसं वाटत नाही. दीड वर्षासाठी निवडून आलेला आमदार पहिल्या दिवसापासून पुढच्या निवडणुकीचा हिशेब करणार. पण तो वेगळा विषय आहे, इथं वाढवत नाही.

आमच्या मराठी मंडळींनाही इथंच दोन शब्द सांगतो, कारण हे पत्र तेही वाचतील. कागवाड-अथणीकडं महाराष्ट्र एकीकरण समितीचं बळ बेळगाव-खानापुराएवढं कधीच नव्हतं. तरी समितीचा आमदार सभागृहात उभा राहून मराठीत बोलला की आम्हाला इकडंही बरं वाटायचं. २०१३ मध्ये दोन आमदार होते. २०१८ मध्ये दोन गट झाले, एकाच मतदारसंघात दोघांचे वेगवेगळे उमेदवार उभे राहिले आणि हाती एकही जागा लागली नाही. २०२३ मध्येही नाही. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, त्याला लागायचा तो वेळ लागेल. पण निवडणूक तशी थांबत नाही. मोठ्या पक्षांकडं पैसा असतो, बूथवर माणसं असतात, ते पंधरा दिवसांत उभे राहतात. लहान संघटनेला एका उमेदवारावर एकमत करायलाच महिना जातो. अचानक लावलेल्या निवडणुकीत पहिला बळी तिचाच जातो. पेपरात विसर्जनाची बातमी आल्यावर बैठका बोलावू नका. आज एकत्र बसा. आक्कासारख्यांच्या अर्जाचा कागद मराठीत मिळावा, यासाठी सभागृहात भांडणारा एक तरी माणूस असायला हवा, म्हणून सांगतो.

आमदार महोदय, परत तुमच्याकडं येतो.

बेळगावात सुवर्ण विधानसौध आहे. ऑक्टोबर २०१२ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. बहुतेक हिवाळ्यांत तिथं अधिवेशन भरतं, तुम्ही सगळे येता. आमच्या गावापासून ती इमारत बंगळूरच्या मानानं जवळ आहे. माझी मागणी अशी की पुढच्या अधिवेशनात तुम्ही अठरा जणांनी, पक्ष बाजूला ठेवून, उभं राहून काही गोष्टी बोलाव्यात.

सरकारच्या बहुमताबद्दल शंका असेल तर सभागृहात ठराव आणा आणि त्याच दिवशी मतदान घ्या. हॉटेलात जाऊ नका. आपल्या जिल्ह्यातल्या आमदाराला गाडीत बसवून राज्याबाहेर न्यायला कुणी आलं तर त्यानं जाणार नाही म्हणून सांगावं. निवडणूक हवी असेल तर ती सभागृहात मागा, तारीख सांगून मागा, कारण सांगून मागा. पेपरवाल्याच्या कानात सोडून देऊ नका. आणि जून ते ऑक्टोबर, नदीला पाणी असण्याच्या दिवसांत, कुठलंही सरकार पाडायला किंवा सभागृह मोडायला आम्ही हात लावणार नाही, असा शब्द द्या. यात घटनादुरुस्ती लागत नाही. अठरा जणांनी ठरवलं तर कर्नाटकात त्या चार-पाच महिन्यांत सरकार पाडणं कुणालाही जड जाईल.

अजून एक, आणि हे तुम्हाला कडू लागेल. ज्यानं राजीनामा दिला किंवा जो अपात्र ठरला, त्यानं त्याच विधानसभेच्या उरलेल्या मुदतीत पुन्हा उभं राहू नये. कायदा बदलणं संसदेचं काम आहे, ते मला कळतं. पण पक्षानं अशा माणसाला तिकीट देऊ नये, एवढं तरी तुम्ही आपापल्या पक्षात मांडू शकता. मांडलंत तर आमच्या गावात तुमचं नाव निघेल. आज आमदारांचं नाव निघतं ते त्या ऑगस्टच्या आठवणीसोबत.

हे लिहिताना मला राग आहे, तो लपवत नाही. पण तुमच्याबद्दल आशा नसती तर वही-पेन घेऊन बसलोच नसतो. तुमच्यातले कितीतरी जण शेतकऱ्यांची मुलं आहेत, नदी तुम्हालाही माहीत आहे.

आक्का गेल्या वर्षी वारली. मागची भिंत तिनं अखेर भाच्याच्या मदतीनं पत्र्यानं बंद करून घेतली होती. तिची ती प्लॅस्टिकची पिशवी भाच्यानं मला दाखवली. ओळखपत्राच्या कडा पाण्यानं फुगलेल्या होत्या, फोटो मात्र स्पष्ट होता.

आमच्या शाळेच्या सातवीच्या वर्गात २०१९ च्या पाण्याची रेघ होती, फळ्याच्या खालच्या कडेला लागून. डिसेंबरच्या पोटनिवडणुकीत त्याच वर्गात मतदान केंद्र होतं आणि केंद्राचा क्रमांक लिहिलेला कागद नेमका त्या रेघेवर चिकटवला होता. पुढं वर्गाला रंग दिला आणि रेघ गेली. मी हेडमास्तरांना विचारून शिसपेन्सिलनं ती परत ओढून ठेवली आहे, बाजूला तारीख लिहून. तुमच्यापैकी कुणीही कधी आलं तर मला निरोप द्या. शाळेची किल्ली शेजारच्या घरात असते. मी येऊन दाखवीन.

आपला,
एक निवृत्त मराठी शाळामास्तर
कृष्णाकाठ, ता. कागवाड, जि. बेळगाव